फोन घरी राहिला की काय काय दिसतं? (तुमचे अनुभव लिहा)

मोरपिशी
काल रात्री शेजारच्या काकूंकडे ब्रह्मकमळ फुललं. अख्खा मजला त्यांच्या गॅलरीत. माझा फोन घरी चार्जिंगला, त्यामुळे नुसतीच बघत उभी राहिले. पाकळ्या हलताना दिसतात हो! आधी कळी मान वर करते, मग टोकाशी सुटते आणि वास अंगावर येतो.

आजोळी मिरजेला आजोबा आम्हाला झोपेतून उठवून ओसरीवर बसवायचे. "बडबड नको, बघा." सकाळी फूल मलूल होऊन लोंबकळायचं, म्हणून जे काय बघायचं ते रात्रीच. कित्येक वर्षांत हे आठवलंच नव्हतं.

असं लक्ष गेलं आणि मजा आली, असं रोजचंच काहीतरी लिहा ना. हिमालय वगैरे नको. घरातलं, रस्त्यावरचं.

तिखटमीठ
भांडी. हसू नका. मावशी गावी गेल्यात. स्टीलच्या ताटावरून बोट फिरवल्यावर चुईक् वाजलं पाहिजे, तोवर घासते. नवरा म्हणतो पाणी वाया घालवतेस.

गप्पू
@तिखटमीठ आमच्याकडे पण ढीग पडलाय, आनंद घ्यायला कधी येताय? 😂

काटेकोर
गॅलरीतलं ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचं राज्यफूल, वेगळं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आणि हा रात्रीचा पांढरा थाट, वास, सगळं पतंगांसाठी. आपण फुकटे प्रेक्षक.

मोरपिशी
हिमालय नको म्हटलं तरी आणलातच 😀

खाडीपल्याड
मानखुर्द ते वाशी लोकल. एक हात कडीला, दुसऱ्यात बॅग, फोन काढणं अशक्य. खाडीचा पूल आला की गाडीचा आवाज एकदम पोकळ होतो. मिळेल त्या फटीतून बाहेर बघते. थंडी ते मे, ओहोटी आणि नशीब दोन्ही असेल तर लांबवर चिखलात फ्लेमिंगो. नुसती गुलाबी रेघ. २०२२ला ठाणे खाडीला रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, तेव्हा डब्यात चर्चा एकच, सव्वानऊची लेट का!

जुनाट
रेल्वेचा विषय निघालाय म्हणून. कसाऱ्याला घाट चढायला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात. जोडताना बारीकसा धक्का बसतो. वडील पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "लागलं." मी अजून त्या धक्क्याची वाट बघत बसतो. बायको वडापाववाल्याची.

सासवडची_सून
मटार सोलणे!! सासूबाई आणि मी एरवी कामापुरतंच बोलतो. भांडण नाही, पण तसंच आहे. मधे परात ठेवून सोलायला बसलो की टप टप आवाज नि बोटांना तो हिरवा वास. कोवळी शेंग लागली की त्या न बोलता माझ्याकडे सरकवतात. निम्मा मटार परातीत पोचतच नाही.

गप्पू
सोललेला फ्रोझन मिळतो की.

सासवडची_सून
तो आणला तर सासूबाई उठून टीव्ही लावतील.

नवी_आई
मला नाही जमत हे. सात महिन्यांचं बाळ आहे, चहा गरम असतो हेच विसरलेय. जो येतो तो सांगतो, हे दिवस परत येत नाहीत, एन्जॉय कर. आधी झोपू द्या म्हणावं.

तिखटमीठ
अगं नको करूस एन्जॉय. पड जरा. मदतीला कोणी आहे का?

नवी_आई
आई आलीये महिनाभर. टाळूवर तेल थापताना तेवढा तो एकदम शहाण्यासारखा गप्प होतो आणि माझ्या नाकाकडेच बघत बसतो, मग मी पण जरा

उठला. येते नंतर.

जुनाट
थंडीत तिळाचं लावा हो, खोबरेल थिजतं.

तिखटमीठ
काका, बाटली गरम पाण्यात ठेवायची ना मग! टाळूला खोबरेलच.