जुना एल कॅपिटान इन्स्टॉलर दुसऱ्या मॅकवर चालेना, नवीन कसा करायचा?

नारायणपेठी_डीटीपी

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. नारायण पेठेत बाबांचं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि दरवर्षी दोन दिवाळी अंक. सगळं एका आयमॅकवर चालतं, २०१० सालचा आहे, एल कॅपिटान १०.११.६ (मॅकची २०१५ सालची सिस्टीम) आणि पानं लावायला इनडिझाईन सीएस५. फॉन्ट सगळे जुने, युनिकोडच्या आधीचे, त्यामुळे नवीन इनडिझाईन घे वगैरे सल्ला प्लीज नको, दहा वर्षांच्या फाइल्स उघडल्या की अक्षरांचा चिवडा होतो आणि मग बाबा माझा करतात.

तर आयमॅकच्या हार्ड डिस्कला घरघर लागलीये. म्हणून सेकंडहँड मॅक मिनी घेतला, २०१२ चा शेवटचा. त्याच्यावर कॅटालिना (मॅकची बरीच नंतरची सिस्टीम) आहे आणि तिच्यात सीएस५ उघडतच नाही, आयकॉनवर आडवी रेघ मारलेली दिसते. म्हटलं ठीक आहे, माझ्याकडे एल कॅपिटानचा इन्स्टॉलर आहे, २०१५ च्या दिवाळीत उतरवून एक्स्टर्नलवर जपून ठेवला होता, त्याचा व्हिडिओ बघून पेनड्राइव्ह बनवला (पासोड्या विठोबापाशी घेतला नवीन, १६ जीबीचा), मिनीला लावला, बूट पण झाला, आणि इन्स्टॉल दाबलं की म्हणतो ही कॉपी व्हेरिफाय होत नाही, डाउनलोड होताना खराब झाली असेल किंवा कोणीतरी छेडछाड केली असेल. तीनदा पेनड्राइव्ह बनवून झाला. छेडछाड कोण करणार हो, डबा लॉफ्टवर होता.

सफरचंद_सोलणारा

अरे भावा फाइल ठणठणीत आहे तुझी. इन्स्टॉलरवर ॲपलची डिजिटल सही असते आणि त्या सहीच्या सर्टिफिकेटला एक्सपायरी असते, ते सर्टिफिकेट २४ ऑक्टोबर २०१९ ला संपलं, त्याच्या आधी उतरवलेले इन्स्टॉलर तेव्हापासून असंच बोंबलतात. उपाय सोपा, मशीनला फसवायचं. वायफाय बंद कर, लॅनची वायर काढ, पेनड्राइव्हवरून बूट झाल्यावर वर युटिलिटीज मेनूतून टर्मिनल उघड, तिथे डेट लिहून स्पेस आणि पुढे सलग दहा आकडे: महिना, दिवस, तास, मिनिटं आणि वर्षाचे शेवटचे दोन. म्हणजे १० मे २०१८ दुपारी बारा हवे असतील तर ०५१०१२००१८ (इंग्रजी आकड्यांत टाईप कर अर्थात). टर्मिनल बंद कर आणि परत इन्स्टॉल दाब. पाच मिनिटांचं काम.

नारायणपेठी_डीटीपी

दादा केलं, तारीख बदलली पण, टर्मिनलने २०१८ दाखवलं, तरी तेच रडगाणं. आता बाबा मागे येऊन उभे राहायला लागलेत.

कर्वेनगरची_मॅकवाली

२०१८ ने होणार नाही, कारण तुझा इन्स्टॉलर २०१५ चा आहे. हे सर्टिफिकेट प्रकरण दोनदा झालंय आणि लोक फक्त दुसरं लक्षात ठेवतात. पहिलं १४ फेब्रुवारी २०१६ ला संपलं होतं, तेव्हा त्याच्या आधी उतरवलेले सगळे इन्स्टॉलर असेच बाद झाले, मग ॲपलने नव्या सहीचे ठेवले, आणि ते परत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बाद झाले. म्हणजे तुझ्या कॉपीसाठी तारीख २०१५ चा डिसेंबर वगैरे लावायला हवी, १२१०१२००१५ टाकलंस की चालेल.

पण मी म्हणते त्या कॉपीच्या मागे लागूच नकोस. २०१५ च्या दिवाळीतली आहे म्हणजे १०.११.० नाहीतर १०.११.१ असणार, वरून परत १०.११.६ चा कॉम्बो अपडेट (मधले सगळे अपडेट एकत्र) मारत बसायचं. ॲपलच्या सपोर्ट साइटवर मॅकओएस कसं डाउनलोड करायचं असं पान आहे, तिथे एल कॅपिटान, सिएरा, योसेमिटी असे जुने अजून ठेवलेत, नव्या सहीसकट आणि थेट १०.११.६. ॲप स्टोअरमध्ये शोधत बसू नको.

आता लोक कुठे अडकतात ते सांगते, कारण मी प्रत्येक ठिकाणी अडकलेय. एक म्हणजे ते पान आयमॅकच्या जुन्या सफारीत धड उघडेलच असं नाही, तेव्हा मिनीवरच्या कॅटालिनात उतरव. फाइल सहा जीबीच्या वर आहे, दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह फॅट३२ असला तर चार जीबीच्या वरची फाइल घेणारच नाही आणि तू म्हणशील पेनड्राइव्ह डुप्लिकेट, तर तो आधी एक्सफॅट करून घे आणि मग आयमॅकवर ने. बूट पेनड्राइव्ह आयमॅकवरच बनव, जुना इन्स्टॉलर जुन्याच सिस्टीमवर गपगुमान चालतो, नव्यावर नखरे करतो. तिथे ती उतरवलेली फाइल (डीएमजी) उघडलीस की आत एक पॅकेज दिसेल, त्याच्यावर डबल क्लिक केलं की घाबरू नको, ते काही आयमॅकवर परत ओएस टाकत नाही, फक्त ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये इन्स्टॉलर ठेवतं. तुझा जुना इन्स्टॉलर तिथे असेल तर आधी कचऱ्यात टाक, नाहीतर चुकून त्याचाच पेनड्राइव्ह परत बनवशील.

पेनड्राइव्ह बनवायची कमांड पण ॲपलच्याच पानावरून घे, यूट्यूबवरची नको. एल कॅपिटानच्या कमांडला शेवटी इन्स्टॉलरचा पत्ता वेगळा द्यावा लागतो, हाय सिएरापासून पुढे तो लागत नाही, आणि व्हिडिओवाले सगळे नव्याचीच कमांड दाखवतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मिनीची डिस्क कॅटालिनामुळे एपीएफएस (डिस्कवर फाइल्स मांडायची नवी पद्धत) झालेली आहे, तो प्रकार २०१७ ला हाय सिएराबरोबर आला, एल कॅपिटानला तो कळतच नाही. त्यामुळे पेनड्राइव्ह लावायच्या आधी मिनी कमांड-आर दाबून चालू कर, कॅटालिनाच्या रिकव्हरीतल्या डिस्क युटिलिटीत व्ह्यूमधून सगळी डिव्हाइसेस दाखव म्हण, सगळ्यात वरची डिस्क निवड, आणि मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड, जीयूआयडी असं करून पुसून टाक. मगच ऑप्शन की दाबून पेनड्राइव्हवरून बूट. आणि हो, पुसायच्या आधी मिनीवर काही ठेवलेलं नाहीये ना ते बघ. नव्या कॉपीला तारीख मात्र आजचीच लागते, ती मागे ठेवलीस तर ती पण रुसेल.

सफरचंद_सोलणारा

मान्य, २०१६ वालं विसरलो होतो. पण मिनी २०१२ मोजावेपर्यंत (कॅटालिनाच्या आधीची सिस्टीम) पण सीएस५ सारखे जुने ३२-बिट प्रोग्रॅम चालवतो की, मग एल कॅपिटानच कशाला? २०१८ नंतर त्याला सिक्युरिटी अपडेट पण नाही.

कर्वेनगरची_मॅकवाली

कारण त्याच्याकडे दिवाळी अंक आहेत, प्रयोग करायला वेळ नाही. जे दहा वर्षं चाललंय तेच दुसऱ्या डब्यात हवंय त्याला. डीटीपीच्या मशीनला इंटरनेट लागतंच कुठे, वायफाय बंद ठेव, मजकूर दुसऱ्या लॅपटॉपवर मेलमधून घे आणि पेनड्राइव्हने ने.

सहकारनगर_काका

तारखा आणि सह्या चालू द्या, पण डिस्कला घरघर लागलीये असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय आणि बॅकअप घेतला का हे एकानेही विचारलेलं नाही, धन्य आहे. बाळा, आधी दिवाळी अंकाचं फोल्डर आणि फॉन्ट एक्स्टर्नलवर घे, आज रात्री, बाकी सगळं उद्या.

आणि एक, इन्स्टॉलरची गरजच काय? मॅकमध्ये प्रत्येक मॉडेलचे वेगळे ड्रायव्हर टाकायची भानगड नसते, एल कॅपिटान दोन्ही मशीनना चालतो, म्हणजे आयमॅकची अख्खी डिस्क जशीच्या तशी एका एसएसडीवर क्लोन केलीस तर ती मिनीला लावून सरळ चालू होईल, फॉन्टसकट. मी पूर्वी प्रेसवाल्यांची मशीनं अशीच बदलून द्यायचो. आयमॅकला यूएसबी २ आहे, दोन-अडीचशे जीबीला तीनेक तास धर. फक्त डिस्कवर खराब जागा असेल तर क्लोन मध्येच अडकतो, तेव्हा हट्ट करू नकोस, बाईंच्या पद्धतीने कोरं टाक आणि मायग्रेशन असिस्टंटने डेटा आण. सीएस५ चा सिरियल नंबर पण शोधून ठेव, मशीन बदललं की विचारू शकतं.

नारायणपेठी_डीटीपी

झालं!! काका तुमचं ऐकून आधी फाइल्स काढल्या, बरं झालं, कारण क्लोन खरंच ६० टक्क्यांवर जाऊन बसला आणि आयमॅकमधून मिक्सरसारखा आवाज यायला लागला, मग बंद केलं. आयमॅक परत चालू होईल का हीच धाकधूक होती, पण झाला, आणि त्याच्यावरच ताईंनी सांगितलं तसं केलं. फॅट३२ वर अडकलोच, वाचून पण अडकलो. मिनी पुसला, नवीन कॉपीने बूट केला, तारीखबिरीख काही न करता पाऊण तासात एल कॅपिटान.

आता एकच, फोटोशॉप सीएस५ उघडताना जावा एसई ६ रनटाइम पाहिजे म्हणतंय, ओरॅकलच्या साइटवरून नवीन जावा टाकलं तरी तेच.

कर्वेनगरची_मॅकवाली

ओरॅकलचं काढून टाक, त्याला ते नकोच आहे. ॲपलचं स्वतःचं जुनं जावा ६ आहे, सपोर्टच्या डाउनलोडमध्ये जावा फॉर ओएस एक्स नावाने मिळेल, ते टाक. आयमॅकवर तू कधीतरी टाकलेलं असणार, आठवत नसेल इतकंच.

नारायणपेठी_डीटीपी

टाकलं, उघडलं. सिरियल नंबर बाबांकडे २०११ च्या कालनिर्णयच्या मागे पेन्सिलने लिहिलेला निघाला, कॅलेंडर का फेकत नाहीत विचारायचो, आता नाही विचारत. मागच्या वर्षीचा अंक उघडून पाहिला, जोडाक्षरं सगळी जागेवर.

सहकारनगर_काका

आता त्या मिनीचा बॅकअप लाव. आजच.