शब्दचर्चा : गोडे पाणी, गोड पाणी आणि मधले मचूळ

धागा उघडणारी, गुहागर
सहावीच्या मुलांसाठी जलचक्रावर चार पानं लिहितेय. भाषांतराच्या ॲपने ‘फ्रेश वॉटर’साठी मला ‘ताजे पाणी’ असा शब्द दिला. ताजे म्हणजे काय, आत्ता शेंदून आणलेलं? मी ते खोडून ‘गोडे पाणी’ केलं, तर मुद्रितं तपासणाऱ्यांनी सगळीकडे ‘गोड पाणी’ करून पाठवलं. बरोबर काय? शिवाय खाऱ्या आणि गोड्याच्या मधलं जे पाणी असतं त्याला काय लिहू? आमच्या घरी मचूळ म्हणतात, सरकारी कागदात निमखारे दिसतं.

पागोळी
ताई, गोडेच ठेवा. ‘गोड’ कशालाही लावा, बदलत नाही : गोड आंबा, गोड कैरी, गोड ताक. ‘गोडा’ मात्र लिंगाप्रमाणे बदलतो : गोडा मसाला, गोडी डाळ, गोडे तेल, गोडं वरण. यातल्या एकातही गोडवा शोधायचा नसतो. वरणाला तिखट-फोडणी नाही, मसाला जहाल नाही, तसं पाण्यात खार नाही. काय नाही ते सांगणारा शब्द आहे हा. ‘गोड पाण्यातले मासे’ लिहिलंत तर पोरांना पाकातले मासे दिसतील.

आता ‘अमक्याच्या विहिरीचं पाणी गोड आहे’ असं आपण म्हणतोच, पण ती वाखाणणी झाली. सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या विहिरींची नावं बघा : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे समुद्र आणि मध्ये पिण्याजोगं पाणी लागलं, तर माणूस साखरच म्हणणार.

मिठागरी, पेण
वर पागोळीने लिहिलेलं पटलं, एक भर घालतो. पावसाचं पाणी गोडं म्हणतात, पण पन्हळीखाली पातेलं धरून पिऊन बघा. अळणी लागतं. अळणी म्हणजे अलवण, शब्दातच मीठ नाही. ते पाणी जमिनीत मुरून, कातळातून थोडे क्षार घेऊन झऱ्याला आलं की मग जिभेला गोडं वाटतं.

समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ऊन पाणी तेवढं उचलतं, मीठ जागेवर ठेवतं. आमच्या मिठाच्या आगरात हे रोज डोळ्यांदेखत चालतं : सकाळी कोंडीत (वाफ्यात) पाणी हलताना दिसतं, दुपार कलली की कडेला पांढरी साय धरायला लागते. आम्ही राहिलेलं गोळा करतो. गेलेलं आषाढात सह्याद्रीला अडून परत येतं, तेव्हा आगर बंद.

पुस्तकात आकडे घालणार असाल तर हंड्यांनी सांगा. पृथ्वीवरचं सगळं पाणी 100 हंडे धरलं तर 97 खारे. उरलेल्या तिनातले दोनांहून जास्त बर्फ होऊन बसलेत, बाकीचं बहुतेक जमिनीच्या पोटात. नद्या आणि तळी मिळून हंड्याच्या तळाला लागलेलं पाणी, बस.

बावीकाठचा, मालवण
मचूळवर लिहितो, कारण ते प्यायलोय. आमची बाव किनाऱ्यापासून हाकेवर. होळीपर्यंत पाणी गोडं, चैत्रात चहा जरा वेगळा लागायचा, वैशाखात आजी पहिला घोट तोंडात घोळवून थुंकायची आणि म्हणायची, “पाणी फिरला.” पुढे आम्ही हौसेने पंप बसवला. त्या वर्षी पाणी शिमग्यालाच फिरलं. साबण फेस देईना, डाळ शिजता शिजेना. दोष पंपाचा नव्हे, आमच्या हावेचा.

खाली काय घडतं ते नंतर कळलं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा चाळिसाव्या हिश्शाने जड, म्हणून किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. हिशेबाने गोड्याची पातळी वर 1 फूट उतरली, तर खालची खारी हद्द 40 फूट वर सरकते. हे लगेच होत नाही, पण होतं. तेव्हा मचूळ हा पाण्याचा प्रकार म्हणून मुलांना शिकवू नका, ती हंगामाची अवस्था आहे. तीच बाव, तोच पोहरा, महिना वेगळा.

कोळंबीवाला
निमखारे हा मत्स्यव्यवसायवाल्यांचा शब्द. निमसरकारी, निमशहरी, तसा निमखारे! ‘निम’ फारसीतला, अर्थ अर्धा. खाडीच्या तळ्यात कोळंबी सोडायची तर हा शब्द चांगला आहे, कारण तिथे क्षार मोजतात. पण ‘विहिरीचं पाणी निमखारं लागतंय’ असं कोणाच्या आईला म्हणताना ऐकलंय का? जिभेचा शब्द मचूळ, मीटरचा शब्द निमखारे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. मचूळपणा त्याच सुमारास जिभेला कळायला लागतो. माणसागणिक फरक पडतो, म्हणून फार ताणत नाही.

मिठागरी, पेण
खारेपाटातलं, म्हणजे आमच्या खाडीकाठच्या पट्ट्यातलं, एक राहिलं. इथे ‘खार’ ही जमीन असते. ‘आमची खार’ म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेलं भातशेत. उधाणाला बांधाला खांड पडली की ‘खार बुडाली’ म्हणतात. खारं पाणी आत येऊन खार बुडते, आणि ते बोलताना कुणालाही चमत्कारिक वाटत नाही. मग पुढचे दोनतीन पावसाळे मीठ धुऊन निघण्याची वाट बघायची. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ओहोटीला पाणी सोडायचं, भरतीला झडप लावायची.

धागा उघडणारी, गुहागर
सगळ्यांचे आभार. ‘गोडे’ कायम, मुद्रितंवाल्यांना गोड्या मसाल्याचं उदाहरण पाठवलं. निमखारे चौकटीत, मचूळ धड्यात. आणि प्रयोगाच्या जागी ताटलीत समुद्राचं पाणी उन्हात ठेवायचं लिहिलं होतं, तिथे वाडीतल्या तीन विहिरींचं पाणी होळीला आणि पुन्हा अक्षय्यतृतीयेला चाखून वहीत लिहायचं, हे वाढवतेय. उकळून गार केलेलं, हे आधी लिहीन. बावीकाठचे दादा, ‘पाणी फिरला’ घेऊ का तसंच?

बावीकाठचा, मालवण
घ्या की. फक्त ‘फिरलं’ करू नका हां.