१८४७चे आयरिश निर्वासित आणि ग्रोस ईलचे विलगीकरण: नेमके काय चुकले?

प्रश्न:
आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळामुळे १८४७ साली सुमारे एक लाख माणसे कॅनडाकडे निघाली. क्वेबेकच्या अलीकडे, सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल बेटावर १८३२च्या पटकीच्या साथीपासूनच विलगीकरण केंद्र होते. तरीही त्या एका हंगामात तेथे पाच हजारांहून अधिक माणसे पुरावी लागली. विलगीकरणाची कल्पनाच चुकीची होती, की अंमलबजावणी?

प्रतिसाद १:
माझ्या मते अंदाज चुकला. मेच्या मध्यास ‘सिरिया’ हे पहिले जहाज आले, तेव्हा २४१ उतारूंपैकी ८४ जण तापाने फणफणलेले होते आणि रुग्णालयात खाटा होत्या जेमतेम १५०. महिना सरेपर्यंत सुमारे चाळीस जहाजे नदीत रांगेने नांगरून पडली. केंद्रप्रमुख डॉ. जॉर्ज डग्लस यांच्याकडे धडधाकट उतारूंना उतरवून घ्यायलाही जागा उरली नाही, त्यामुळे जहाजांवरच आजारी आणि निरोगी माणसे एकत्र राहिली.

प्रतिसाद २:
खाटा दुप्पट असत्या, तरी फार फरक पडला असता असे मला वाटत नाही. हा ताप टायफसचा होता (आपण ज्याला विषमज्वर म्हणतो तो टायफॉइड, आणि तो वेगळा). टायफस अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली दाखवले. १८४७ मध्ये मात्र दूषित हवेला दोष दिला जात असे. त्यामुळे मोकळी हवा आणि चुन्याची सफेदी यांवर भर राहिला, पण सहा-सात आठवडे अंगावर असलेले कपडे उकळून घेणे हाच उपाय आहे, हे कोणाला ठाऊक असणार? शिवाय संसर्गानंतर ताप चढायला आठवडा-दोन आठवडे लागत असल्याने निरोगी ठरवून पुढे पाठवलेली माणसे मॉन्ट्रियलला पोहोचून आजारी पडत. तेथील तापाच्या छपऱ्यांमध्ये हजारो मेले, आणि रुग्णांची विचारपूस करणारे महापौर जॉन ईस्टन मिल्स हेही नोव्हेंबरमध्ये याच तापाने गेले.

प्रतिसाद ३:
वरील दोन्ही प्रतिसादांत बंदराबाहेरचे राजकारण राहून गेले आहे. अमेरिकेने १८४७च्या सुरुवातीला उतारू जहाजांवरील नियम कडक केले, त्यामुळे तिकडचे भाडे न परवडणारी, म्हणजे सर्वांत उपाशी आणि अशक्त माणसे कॅनडाच्या जहाजांत भरली गेली. लाकूड घेऊन येणारी ती जहाजे परतीच्या फेरीला कमी दरात माणसे नेत. पुढच्याच वर्षी कॅनडानेही प्रत्येक स्थलांतरितावरील कर वाढवला.