सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना युद्धविरोधी चित्रपट दाखवावा का?

प्रश्न (अमळनेर)
आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात स्टॅनली क्युब्रिक यांचा १९५७ सालचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' दाखवावा, असे मी सुचवले आहे. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच खंदकांची ती कथा आहे. मात्र आमची बरीच मुले भरतीसाठी पहाटे उठून धावण्याचा सराव करतात, त्यामुळे हा चित्रपट त्यांच्या उमेदीवर पाणी टाकील, असे काही सहकाऱ्यांना वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (भुसावळ)
नमस्कार सर. मी निवृत्त सैनिक आहे आणि माझ्या मते तो अवश्य दाखवावा, कारण त्याचा रोख सैनिकावर नाही. लढाईत शत्रूचा एकही शिपाई दिसत नाही. टेकडी हाती येणे अशक्य आहे हे कळत असूनही बढतीच्या आशेने जनरल मिरो हल्ल्याचा हुकूम देतो आणि हल्ला अडखळताच स्वतःच्याच खंदकांवर तोफा डागायला सांगतो. तेव्हा तोफखान्याचा कॅप्टन लेखी हुकुमाशिवाय तोफ डागण्यास नकार देतो. वर्दी घालू पाहणाऱ्या मुलांनी हा प्रसंग नीट पाहावा. पुढे भित्रेपणाच्या आरोपाखाली तिघांवर कोर्ट मार्शल चालते. त्यांपैकी एकाची निवड चिठ्ठी टाकून झालेली असते, तर दुसऱ्याचे नाव त्याच्या वरिष्ठाने स्वतःचे पाप झाकण्यासाठी दिलेले असते.

उत्तर (चाळीसगाव)
भुसावळच्या दादांशी सहमत आहे. कथेमागे सत्य घटना आहे: १९१५ मध्ये सुएँ येथे फ्रेंच सैन्याने आपल्याच चार कॉर्पोरलांना गोळ्या घातल्या आणि १९३४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. फ्रान्समध्ये हा चित्रपट १९७५ पर्यंत प्रदर्शितच झाला नाही. एक तक्रार मात्र आहे. यातले खंदक फार प्रशस्त वाटतात. खरे खंदक अरुंद असत आणि एका टोकाने घुसलेल्या शत्रूला सरळ गोळीबार करता येऊ नये म्हणून त्यांना वळणे दिलेली असत. साचलेल्या पाण्यात दिवसेंदिवस उभे राहून पाय सडत, याचीही झळ इथे लागत नाही. चिखल पाहायचा असेल तर एडवर्ड बर्गर यांचा २०२२ सालचा जर्मन चित्रपट 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' पाहावा. शिवाय ओळख करून देताना, मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधील न्यूव्ह शापेलला भारतीय पलटणी लढल्या आणि १९१६ मध्ये आजच्या इराकमधील कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीही शरण गेल्या, हे सांगावे. नाहीतर मुलांना हे सारे परक्यांचे दुखणे वाटेल.

उत्तर (नंदुरबार)
चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे, तेव्हा चर्चेला वेळ उरेल. संवाद इंग्रजीत आणि भरभर आहेत, म्हणून सुरुवातीला मराठीत कथासूत्र सांगावे, पण खटल्याचा निकाल सांगू नये. चर्चेची सुरुवात प्राध्यापकांऐवजी भुसावळच्या दादांसारख्या माजी सैनिकाने केली, तर भरतीची तयारी करणारी मुले मोकळेपणाने वाद घालतील.