अनुभव धागा: कोकणात समुपदेशन घेतलंत का? कसं होतं?

धागा काढायचं कारण साधं आहे. इथे कोणी समुपदेशकाकडे गेलं, तर माणूस एसटीतून उतरायच्या आधी वाडीत बातमी पोचते. म्हणून जाऊन आलेले गप्प बसतात आणि जाऊ बघणाऱ्याला विचारायला कोणी मिळत नाही. तेव्हा 'बोलून हलकं वाटलं' एवढंच नको. आत काय विचारलं, घरी काय करायला लावलं, काय जमलं नाही, ते लिहा. नाव नको, गाव पुरे.

चिपळूण
२२ जुलै २०२१ च्या पुरात दुकान माळ्यापर्यंत पाण्यात गेलं. माल पुन्हा भरला, झोप काही परत आली नाही. पाऊस लागला की रात्री उठून वाशिष्ठीचं पाणी बघायला जायचो, मागून बायको छत्री घेऊन. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे धाडलं. त्या बाईंनी धीरबीर दिला नाही, वही दिली. पाऊस सुरू झाला की डोक्यात येईल ते वाक्य जसंच्या तसं लिहायचं. माझं होतं, 'पाणी येताच कामा नये, आलं तर मी संपलो.' मग ते वाक्य आम्ही सोलायला घेतलं. येऊ नये ही इच्छा झाली. येताच कामा नये हा हट्ट, आणि पाऊस माझा हट्ट कशाला पाळतो? अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ही विवेकनिष्ठ पद्धत, हे मागाहून कळलं. तेव्हा मात्र रागच आला. बुडालं होतं माझं दुकान, बाईंचं नव्हे. पण पुढचा गृहपाठ धंद्याचा निघाला, तो पटला: पावसाळ्यात खालच्या फळीवरचा माल वर, कागदपत्रं बहिणीकडे सावर्ड्याला, आणि नदीवर जायचं ते इशारा आला तरच. आता जाग येते, कूस बदलतो, झोपतो. जुलै जडच जातो अजून.

दापोलीजवळ
मिस्टर मुंबईला, सासूबाई घरात. १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी लाइन, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. फोन कलमांच्या बागेत जाऊन केला, रेंजही तिथेच. सासूबाईंना वाटतं आंब्याच्या गिऱ्हाइकाशी बोलते. वाटू दे.

रत्नागिरी
'रत्नागिरीला पोचवू' ही कोकणातली जुनी धमकी. आम्ही मुळात रत्नागिरीकर, तरी प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीकडे पाय वळेना. बाळंतपणानंतर सारखं रडू यायचं, बाळाला घ्यावंसं वाटेना. आईने दृष्ट काढून झाली. शेवटी नणंद घेऊन गेली. प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हणाले, गोळ्या आणि बोलणं दोन्ही सुरू केलं. केसपेपर काढा, नंबर लावा, घरी जा. बाकी काही नाही.

धागाकर्ती
मध्येच सांगते. गोळ्या लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. समुपदेशकाने गोळ्या दिल्या तर उठून या.

राजापूर
माझा अनुभव वाईट. आत बोललेलं काकाच्या कानावर गेलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक! आता पुण्याच्या बाईंशी व्हिडिओवर बोलतो. लाइट गेली की सेशन गेलं.

मालवण
मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, होडी वर, माणूस घरात नि बाटली टेबलार. झिलान फोन लावन दिल्यान. पलीकडच्या पोरान इचारल्यान, 'काका, प्यायच्या आधी मनात काय येतं?' असा माका कोणीच इचारूक नाय व्हता. सगळे पियाल्यानंतरचा बोलतत. देवाक गाराणा घातलंय, ता आसाच. पण रात्री देऊळ बंद, हे फोन उचलतत. सुटली काय? नाय. कमी झाली.

श्रीवर्धन
मुलगा बारावीला, खोलीबाहेर येत नाही, समुपदेशकाकडे यायला तयार नाही. मी एकटी गेले तर चालतं का?

चिपळूण
चालतं, ताई. आमच्या पुतण्याच्या वेळी आधी वहिनीच जात होती.