२४ वर्षं जगणारी जमात आणि भुताचा एक फटका

काजवेवाला_डीएम
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चं पुस्तक. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. घरच्या टेबलासाठी मी ‘काजवी’ नावाची जमात बनवली. तिसऱ्या वर्षी वयात येतात, चोविसाव्यापर्यंत संपतात. खेळातले आराकोक्रा हे पक्षीमानवही ३० वर्षांपलीकडे क्वचितच जगतात, म्हणून धीर केला. धाकटी बहीण काजवी खेळते, पात्र ६ वर्षांचं. आयुष्य तोकडं म्हणून तिला एक जादा कौशल्य दिलं.

रविवारी पडक्या गिरणीत भूत भेटलं. त्याचं भेसूर रूप पाहिलं की विस्डम सेव्ह (शहाणपणाच्या जोरावर बचावाचा फासा) १३चा, म्हणजे एकूण १३ तरी हवेत; ५ किंवा जास्तने हुकला तर १डी४ (चार बाजूंचा एक फासा) गुणिले १० वर्षं वय वाढतं. हिचे एकूण ४. मग फासा पडला २. म्हणजे सहाची सव्वीस! एल्फचाही सेव्ह तसाच हुकला, त्याला ४० वर्षं लागली, १३०चा १७० झाला, आणि ७५० वर्षं जगणाऱ्याला त्याचं काय? चोवीस तासांच्या आत ग्रेटर रिस्टोरेशन हा मंत्र टाकला तर वय उतरतं, पण आमचा क्लेरिक (पुजारी) पाचव्या लेव्हलचा, तो मंत्र नवव्याला मिळतो.

बहीण काही बोलली नाही. कॅरेक्टर शीटची घडी घालून ठेवून दिली. मी खेळ तिथेच थांबवला. जमात काढायची नाहीये. नियम कसा लावू?

जुनी_फासेवाली
एक काम करू नका: वयानुसार गुण कमीजास्त. डी अँड डीच्या साडेतीनच्या (३.५) आवृत्तीत ते होतं. मध्यमवयात ताकद, चपळाई, तब्येत एकेकाने कमी. बुद्धी, शहाणपण, करिश्मा एकेकाने जास्त. आमच्याकडे प्रत्येक विझार्ड (जादूगार) पांढरी दाढी घेऊनच यायचा, त्याला ताकद हवी होती कुठे!

त्याहून जुन्या खेळात हेस्ट या वेग वाढवणाऱ्या मंत्राने एक वर्ष वय वाढायचं. माणूस विचार करायचा, एल्फ बिनधास्त घ्यायचा. तुमचं दुखणंही तेच आहे, वर्षं मोजण्याचं.

सोळा_आणे
मग वर्षं मोजूच नका. प्रत्येक जमातीचं आयुष्य सोळा आणे धरा. माणसाची ८० धरली तर १० वर्षं म्हणजे दोन आणे. भूत १डी४ गुणिले दोन आणे खातं, समोर कोणीही असो. काजवीचे दोन आणे ३ वर्षं, एल्फचे जवळपास ९४. ताईचा फासा २, म्हणजे ६ वर्षं गेली. ती १२ची झाली, मेली नाही. एल्फचा फासा ४, त्याचे मात्र आठ आणे गेले, ३७५ वर्षं. तो आता ५०५चा.

आणि दादा, ते जादा कौशल्य कशाबद्दल दिलंत? तुमची मोहीम खेळातल्या किती काळाची आहे?

काजवेवाला_डीएम
जेमतेम आठ महिने झालेत. खरंय, एवढ्यात तिच्या आयुष्यातून काहीच वजा झालं नव्हतं. कौशल्याची किंमत आता ठरवली: दर मोठ्या प्रकरणानंतर खेळातली २ वर्षं पुढे सरकतील. बहिणीला विचारलं. ती म्हणाली, “चालेल, पण माझ्या मुलीला माझ्याच गावात वाढू दे, पुढे मी ती खेळेन.” हे मला सुचलंच नसतं.

एल्फवाल्याला ५०५ सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला. चोवीस तासांची मुदत तशीच ठेवलीय. घाटापलीकडच्या मठात तो मंत्र जाणणारी एक वृद्धा आहे, वाट वीस तासांची. रविवारी गिरणीच्या दारातूनच सुरू करतोय.