बुलबुलाच्या पिल्लांना दयाळ भरवतोय, हाकलावा का?

नमस्कार मंडळी. चिपळूणला आमच्या पडवीतल्या मनीप्लँटच्या वेलात लालबुड्या बुलबुलाचं घरटं आहे. तीन पिल्लं आहेत, डोळे उघडलेत, पिसांच्या नळ्या दिसायला लागल्यात. आईबाप दोघंही भरवतात, त्यात नवल नाही. पण परवापासून एक दयाळ, काळा-पांढरा नर, चोचीत अळी धरून येतो, घरट्याच्या काठावर बसतो आणि पिल्लांच्या घशात ती कोंबून जातो. बुलबुल जवळ असले की कलकलाट करतात. मग हा जास्वंदीवर दबा धरतो, ते गेले की पुन्हा हजर! काल तर पालीचं पिल्लू आणलं. कुणालाच गिळवेना, शेवटी स्वतःच खाल्लं.

सासरे म्हणतात हाकला, पिल्लं मारेल. मला तसं वाटत नाही. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो तसलाही प्रकार नाही, तिन्ही पिल्लं बुलबुलाचीच आहेत. मग हा कशाला राबतोय? त्याचं खाणं बाधणार नाही ना?

प्रतिसाद १
अजिबात हाकलू नका. दुसऱ्या जातीच्या पिल्लांना भरवण्याच्या नोंदी जगभर आहेत. विणीच्या दिवसांत वासलेली लाल चोच आणि चिवचिव दिसली की पक्ष्याला राहवत नाही, पिल्लू कुणाचं हा हिशेब तो करत नाही. बहुतेकदा त्याचं स्वतःचं घरटं मोडलेलं असतं, नाहीतर अगदी शेजारी असतं. दयाळ ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटं करतो. आसपास तसं काही आहे का? राखाडी मादी दिसते का?

अळ्या-किडे बुलबुलही पिल्लांना देतातच, तेव्हा बाधायचं काही नाही. घास मोठा झाला तर परत काढून घेतात, तुम्ही पाहिलंतच.

एक बघाल? पिल्लांची विष्ठा पांढऱ्या पिशवीसारखी येते, आईबाप ती उचलून नेतात. दयाळही नेतो का?

प्रतिसाद २
सातभाईंच्या थव्यात इतर पक्षीही पिल्लांना भरवतात, पण ते एकाच जातीचे. हे प्रकरण वेगळं. फोटोसाठी जवळ मात्र जाऊ नका, या वयाची पिल्लं घाबरून वेळेआधीच घरट्याबाहेर उड्या टाकतात. मग मांजराचं फावतं.

धागाकर्ती
आभार! शेजारच्यांनी नुकताच जुना गडगा पाडलाय, त्याच्या भोकात दयाळाची ये-जा असायची. मादी हल्ली दिसली नाही. विष्ठेकडे उद्या खिडकीतून लक्ष ठेवते. सासऱ्यांना प्रतिसाद वाचून दाखवलेत, काठी तूर्त खाली ठेवली आहे.